आपलाही एक ग्रह आहे!

तुमच्या मोबाइलवर वेदर अ‍ॅप आहे ना? असणारच. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास, बॉस मीटिंगमध्ये असताना आपण सगळेच ते हळूच उघडतो. शनिवारी ताम्हिणीला पाऊस आहे का, सिंहगडावर धुकं असेल का, की नुसतंच आभाळ भरून येणार आणि आपली नवी विंडचीटर तशीच बॅगेत राहणार... ढगाचं चित्र दिसलं की ग्रुपवर मेसेज आणि अर्ध्या तासात प्लॅन फायनल! आपल्यासाठी पाऊस म्हणजे कांदाभजी, कटिंग चहा, आणि सोमवारी सकाळी युनिव्हर्सिटी चौकात अडकलेली कॅब. अंदाज चुकलाच तर काय होतं? एक वीकेंड फुकट जातो. बस्स.

माझं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आहे. तिथं हाच अंदाज चुकला तर वर्ष फुकट जातं.

'बनी तो बनी, नही तो परभणी' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पुण्यात कुणालाही गाव सांगितलं की पहिल्यांदा हेच ऐकवतात, आणि मग आपणच काहीतरी नवं बोललो अशा थाटात हसतात. मीही हसते. सवय झालीय. पण खरं सांगायचं तर ही म्हण आमच्या शेतीला जास्त लागू पडते. काळी कसदार जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच, १९७२ पासूनचं. गोदावरी आहे, दुधना आहे, पूर्णा आहे. आणि तरीही बहुतेक शिवारं पावसावरच. पाऊस बनला तर बनलं, नाही तर...

आमची सात एकर तशीच. दरवर्षी मे संपत आला की अण्णांचा फोन येतो. मी मास कम्युनिकेशन केलंय, पुण्यात फ्रीलान्स पत्रकारिता करते, लाइफस्टाइलवर, सिनेमावर, कधीमधी नव्या कॅफेवर लिहिते. अण्णांच्या लेखी मात्र पत्रकार म्हणजे ज्याला सगळं आधी कळतं तो.

"बाई, तुमच्याकडं काय म्हनायलेत? कधी येतोय?"

"अण्णा, मी काय हवामान खातं आहे का?"

"तसं न्हाई गं. पेपरात लोकं असतेत ना तुझे."

मी हसते, मग गपचूप दोन-तीन वेबसाइट उघडून बघते. कारण या प्रश्नामागं किती पैसे आहेत ते मला ठाऊक आहे. सोयाबीनची एक बॅग म्हणजे साधारण एक एकर. बॅग, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी. हे सगळं मातीत टाकायचं आणि वर बघत बसायचं. वीस दिवस पाऊस आला नाही की उगवलेलं सगळं माना टाकतं. मग दुबार पेरणी. पुन्हा बॅग, पुन्हा खत, पुन्हा सावकार किंवा बँक. एकाच हंगामात दोनदा जुगार!

मंगळावर जायचंय मला

२०२५ च्या मे महिन्यात या जुगारात आमच्या घरी आणखी एक गोष्ट पणाला लागली होती. माझ्या धाकट्या बहिणीची अ‍ॅडमिशन.

ती परभणीला बीएस्सी करत होती, फिजिक्स घेऊन. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते तिनं होस्टेलवर चाळीस मुलींबरोबर एका मोबाइलवर पाहिलं. त्या दिवसापासून डोक्यात एकच भूत. ग्रहांचा अभ्यास करायचा! मंगळ, शुक्र, शनीची कडी. भिंतीवर शाहरुख नाही, मंगळावरच्या रोव्हरचा फोटो. फायनल इयरच्या परीक्षा झाल्या आणि तिनं जाहीर केलं, एमएस्सीला पुण्यालाच येणार.

आईचं म्हणणं होतं, बीएड कर, इथंच कुठंतरी लागशील. काकांकडं एक स्थळ तयार होतं. आणि अण्णांनी नेहमीप्रमाणं कुणाचीच बाजू न घेता सांगून टाकलं, "सोयाबीन हाती येऊ द्या, मग बघू."

म्हणजे एका मुलीचं करिअर, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ढगांच्या हातात.

त्या वर्षी पावसानं थट्टाच केली. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला चक्क मुंबईत! इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंदच नाही. आमच्याकडंही मे महिन्यातच धो-धो पडला. जमिनीत ओल, हवेत गारवा, रोहिणी नक्षत्रातच शिवारं चिंब. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका, पाऊस ओढ देणार आहे. पण बांधावरच्या ओलीपुढं टीव्हीवरचा माणूस काय टिकणार? गावात कुणी कुणी तिफणी काढल्या. अण्णा मात्र थांबले. का थांबले, ते त्यांना नीट सांगता येईना. एवढंच म्हणाले, "हा पाऊस त्याचा न्हाई वाटत."

आणि खरंच, मे संपता संपता मान्सून जागच्या जागी थबकला. जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकायचं नावच नाही. अण्णांनी जूनच्या शेवटी, चांगला पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावर पेरलं. आमची दुबार पेरणी वाचली.

आलेला पाऊस असा मध्येच का थांबतो? हा प्रश्न तोपर्यंत मला कधी पडलाच नव्हता. जुलैच्या अखेरीस पेपरात एक बातमी वाचली आणि त्याचं उत्तर शोधण्यात जिनं आयुष्य घालवलं, अशा बाईची ओळख झाली. उशिरा झाली. बातमी तिच्या निधनाची होती.

मृगाच्या मुहूर्तावर

डॉ. सुलोचना गाडगीळ. माहेरच्या फाटक. जन्म पुण्याचा, ७ जून १९४४. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही ही तारीख सांगा, तो लगेच म्हणेल, मृग! मान्सूनवर आयुष्य वाहिलेली बाई मृगाच्या तोंडावर जन्मली आणि २०२५ च्या भर पावसाळ्यात, जुलैमध्ये गेली. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही हं!

घर डॉक्टरांचं. शाळेची काही वर्षं आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. तिथंच माधव गाडगीळ भेटले. होय, तेच पश्चिम घाटाच्या अहवालाचे माधव गाडगीळ. सुलोचनाताईंनी पुणे विद्यापीठातून उपयोजित गणितात एमएस्सी केलं आणि १९६५ मध्ये दोघं हार्वर्डला गेले. तिथं त्यांनी पीएचडी केली ती समुद्रावर. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम नावाचा उष्ण प्रवाह नदीसारखा वळणं घेत का जातो, याचं गणित. १९७० मध्ये डॉक्टरेट, मग एमआयटीत ज्यूल चार्नी यांच्यासारख्या हवामानशास्त्रातल्या दिग्गजाबरोबर काम.

आता जरा थांबा आणि हा सीव्ही डोळ्यासमोर आणा. हार्वर्ड, एमआयटी, वय सत्तावीसच्या आत-बाहेर. माझ्याच वयाच्या! आपल्या ओळखीतलं कुणी असतं तर आपण काय सल्ला दिला असता? 'ग्रीन कार्ड घे, सेटल हो, डिसेंबरला इंडियात ये.'

गाडगीळ दांपत्य १९७१ मध्ये परत आलं. परत यायचं हे त्यांचं जातानाच ठरलेलं होतं.

आणि परत येऊन सुलोचनाताईंना काय मिळालं? कायमची नोकरी नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आपल्या पाषाणच्या आयआयटीएममध्ये, 'पूल ऑफिसर' ही जागा. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञांना पक्की नोकरी लागेपर्यंत सरकार देत असे ती तात्पुरती सोय. आजच्या भाषेत कॉन्ट्रॅक्टवर! महिन्याच्या शेवटी थकलेल्या मानधनासाठी मेलवर मेल टाकणारी मी हे वाचून जरा ताठ बसले.

पण ही दोन वर्षं फार मोलाची ठरली. इथं त्यांना भेटले डी. आर. सिक्का. हार्वर्डच्या बाईंकडं गणित होतं; सिक्कांना रोजच्या नकाशांवरचा भारतीय पाऊस तोंडपाठ होता. १९७३ मध्ये सुलोचनाताई बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. तेव्हा तिथं संचालक होते सतीश धवन. पुढं त्याच संस्थेत वातावरण विज्ञानाचं केंद्र उभं राहिलं, आणि त्या उभारणीत ताई पहिल्यापासून होत्या. सिक्कांबरोबरचं काम मात्र पुणे-बंगळूर असं चालूच राहिलं.

शाळेतलं पुस्तक चुकलं होतं?

मान्सून का येतो? पाचवी-सहावीचं भूगोलाचं पुस्तक आठवा. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानानं थंड असतो. जमिनीवरची हवा वर जाते, समुद्रावरची दमट हवा ती जागा घ्यायला येते. झाला पाऊस! थोडक्यात, मान्सून म्हणजे चौपाटीवरच्या संध्याकाळच्या वाऱ्याचा भला मोठा अवतार. ही कल्पना एडमंड हॅलीची, धूमकेतूवाल्या हॅलीची. १६८६ सालची!

आता परभणीत उभं राहून हा हिशेब लावून बघा. जमीन सगळ्यात जास्त कधी तापते? मे महिन्यात. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं. पाऊस कधी पडतो? जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन गार झाल्यावर. बरं, जमीन जास्त तापली की पाऊस जास्त, असं असेल तर दुष्काळी वर्षात धो-धो पडायला हवा. कारण दुष्काळात जमीन अधिकच तापलेली असते! आणि देशात सगळ्यात भट्टी पेटते ती वायव्येकडं, राजस्थानात. तिथं तर सगळ्यात कमी पाऊस.

या हरकती नव्या नव्हत्या. भारतातल्या हवामान खात्यात काम केलेल्या जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ मध्येच त्या मांडल्या होत्या. पण पुस्तकातलं सोपं चित्र पुसायला कोण तयार असतं?

सिक्का आणि सुलोचनाताईंनी एक साधं, चिकाटीचं काम केलं. उपग्रह नुकतेच ढगांचे फोटो पाठवायला लागले होते. १९७३ ते १९७७ अशी पाच वर्षं, एप्रिल ते ऑक्टोबर, रोज भारताच्या रेखांशांवर ढगांचा सगळ्यात दाट पट्टा कुठं आहे, याची त्यांनी नोंद केली. दररोज! हजाराहून जास्त दिवस. १९८० मध्ये 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये त्यांचा पेपर आला आणि मान्सूनकडं बघायची नजरच बदलली.

काय दिसलं त्यांना? पृथ्वीच्या कमरेला ढगांचा एक पट्टा आहे. विषुववृत्ताच्या आसपास, उत्तर-दक्षिणेकडचे वारे जिथं एकमेकांना भेटतात तिथं. हा पट्टा सगळ्या ग्रहाला वेढतो आणि सूर्याच्या मागं मागं वर-खाली सरकतो. बाकी ठिकाणी तो बहुधा समुद्रावरच राहतो. आपल्याकडं मात्र उन्हाळ्यात तो थेट जमिनीवर चढतो, गंगेच्या मैदानापर्यंत. तोच आपला मान्सून. म्हणजे तो गावाकडच्या वाऱ्याचा मोठा भाऊ नाही. अख्ख्या ग्रहाच्या यंत्राचा तो आपल्या अंगणात आलेला भाग आहे.

आणि खरी गंमत पुढं आहे. आपल्या समोर या पट्ट्याची पावसाळ्यात एक नाही, दोन घरं असतात. एक जमिनीवर, दुसरं विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर. जमिनीवरचा पट्टा स्वतःच्या बळावर महिनाभराहून जास्त टिकत नाही. तो विरतो, आणि आपण आभाळाकडं डोळे लावून बसतो. यालाच हवामानवाले 'ब्रेक' म्हणतात आणि आमच्याकडं म्हणतात, पावसानं ओढ दिली. मग समुद्रावरचा पट्टा हळूहळू उत्तरेकडं सरकतो आणि जमिनीवरच्या पट्ट्यात नवा जीव ओततो. त्यानं वाट धरली नाही, तर उघाड लांबतच जाते.

हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर अण्णा होते. 'हा पाऊस त्याचा न्हाई वाटत.' कुठल्या पट्ट्याचा, ते त्यांना माहीत नव्हतं. पण एकदा पडलेला पाऊस आणि मुक्कामाला आलेला पाऊस यात फरक असतो, एवढं त्यांच्या हाडांना माहीत होतं. आज हवामान खातं दर आठवड्याला पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा अंदाज देतं, त्याच्या मुळाशी उत्तरेकडं सरकणाऱ्या ढगांची हीच चाल आहे.

एल निनोचा एकट्याचा दोष नाही

२००२ साल तुम्हाला आठवतं का? तुम्ही-आम्ही शाळेत किंवा त्याहूनही लहान होतो. तेव्हा हवामान खातं सोळा घटकांच्या मॉडेलवर अंदाज द्यायचं. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. पडला ८१ टक्के. जुलै तर जवळजवळ अर्धा कोरडा. पुढच्याच वर्षी मॉडेल बदलावं लागलं.

सगळ्यांनी बोट दाखवलं पॅसिफिकमधल्या एल निनोकडं. पण सुलोचनाताईंनी विचारलं, मग १९९७ चं काय? तेव्हा तर शतकातला सगळ्यात जबरदस्त म्हणावा असा एल निनो होता आणि तरी आपल्याकडं पाऊस सरासरीइतका. उलट २००२ चा एल निनो मध्यमच, तरी दुष्काळ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उत्तर मांडलं. पॅसिफिकबरोबर आपल्या घराजवळचा हिंदी महासागरही बघा. विषुववृत्तावर त्याच्या पश्चिम भागात, आफ्रिकेच्या बाजूला ढग जास्त असतील तर आपलं भलं. पूर्वेला, सुमात्राच्या बाजूला जास्त असतील तर आपलं नुकसान. या झोक्याला त्यांनी नाव दिलं 'इक्विनू'. १९९७ मध्ये झोका आपल्या बाजूला होता, २००२ मध्ये विरुद्ध. दूरचा खलनायक आणि शेजारचा मित्र, दोघांना एकत्र धरलं की अवर्षणाची आणि अतिवृष्टीची वर्षं उलगडायला लागतात.

बांधावर गेलेली गणितज्ञ

इथपर्यंतची गोष्ट मोठ्या शास्त्रज्ञाची झाली. माझं मन अडकलं ते पुढच्या भागात.

नव्वदच्या दशकात सुलोचनाताई कर्नाटक-आंध्रच्या सीमेवरच्या कोरडवाहू भुईमूग पट्ट्यात गेल्या. पावगडा आणि अनंतपूरचा भाग, आमच्या मराठवाड्याचाच चुलतभाऊ म्हणा ना! शेतकऱ्यांना 'तुम्ही चुकता' असं सांगायला त्या गेल्या नव्हत्या. तुम्हाला कुठला निर्णय घेताना अडतं, असं विचारायला गेल्या होत्या. पेरायचं कधी? औषध कधी मारायचं? खतावर पैसे घालायचे की नाही? मग अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचं कॉम्प्युटर मॉडेल एकत्र करून त्यांनी बघितलं, की कुठल्या आठवड्यात पेरलं तर पीक हातचं जाण्याचा धोका सगळ्यात कमी. उत्तर जागेप्रमाणं आणि वाणाप्रमाणं बदलत होतं. सगळ्यांना एकच सरकारी पत्रक, हा फंडाच चुकीचा होता.

२००६ मध्ये त्यांनी मुलाबरोबर, गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. तो आपल्यासारख्या एसी ऑफिसात बसणाऱ्यांनी जरूर वाचावा. समज अशी होती, की उद्योग वाढले, आयटी आलं, शेतीचा वाटा घटला, आता पावसाचं कौतुक कशाला? त्यांनी १९५१ पासूनचे आकडे काढून दाखवलं, की मोठा दुष्काळ आजही देशाच्या जीडीपीचे दोन ते पाच टक्के खातो. आणखी एक बोचरी गोष्ट सांगितली. १९८० नंतर कमी पावसानं जितकं नुकसान होतं, तितका जास्त पावसानं फायदा होत नाही. का? कारण कोरडवाहू शेतकऱ्याला खात्रीच नसते. खतावर, औषधावर पैसे घालावेत आणि पाऊस दगा देईल, या भीतीनं तो हात आखडता घेतो. मग चांगलं वर्ष आलं तरी ते पूर्ण पदरात पडत नाही.

हे अण्णांचंच चरित्र की! त्याला मी इतकी वर्षं 'आमचे अण्णा जरा भित्रे आहेत' म्हणायचे. ते भित्रे नव्हते. त्यांचा हिशेब बरोबर होता, फक्त त्यांच्या हातात माहिती नव्हती.

आणि दुसऱ्या टोकाला रागही आहे. २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. सोशल मीडियावर त्यावर भरपूर जोक झाले. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

तर मग, अ‍ॅडमिशन?

ऑगस्टमध्ये मी बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "पण ताई, ह्यात ग्रह कुठंय?"

मी तिला एक गोष्ट दाखवली. सुलोचनाताईंचा मान्सूनवरचा सगळ्यात गाजलेला आढावा २००३ मध्ये ज्या नियतकालिकात आला, त्याचं नाव आहे 'अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्सेस'. पृथ्वी आणि ग्रह, एकाच कव्हरखाली. मंगळाचं वादळ, शुक्राचे ढग आणि परभणीची उघाड, सगळ्यांना तेच नियम. फिरणारा गोळा, तापवणारा सूर्य, वर चढणारी हवा.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अण्णांच्या शेतावरचे ढग पन प्लॅनेटरी?"

"एकदम प्लॅनेटरी."

पुण्याच्या विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा वेगळा विभाग आहे, हे तिनंच शोधून काढलं. आईला कसं पटवायचं, हेही तिनंच ठरवलं. "आई, पावसाचं शिकनार हाय मी." शनीची कडी आईला परकी होती, पाऊस घरचा होता. आईनं दोन दिवस विचार केला आणि काकांना फोन लावून स्थळाला नाही सांगितलं. माझ्या मते अख्ख्या हंगामातली ही सगळ्यात मोठी घटना.

आता इथं 'आणि सोयाबीन उत्तम आलं' असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत मराठवाड्यावर आभाळ कोसळलं. गोदावरी फुगली, शेंगा भरलेलं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं राहिलं. जूनमध्ये पेरणी वाचली होती, सप्टेंबरमध्ये काढणी गेली. आणि देशाचा त्या वर्षीचा पाऊस? १०८ टक्के! कागदावर झकास वर्ष. सरासरी नावाच्या गोष्टीत अख्खा तालुका कसा बुडून जातो, ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

बहिणीची फी मी भरली. त्यासाठी दोन कॉर्पोरेट ब्रोशर आणि एका बिल्डरची वेबसाइट लिहिली, ज्यात 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द एकूण नऊ वेळा आहेत. तक्रार नाही. ती आता माझ्याच रूमवर राहते. जेवणाच्या डब्याचे आणि चार्जरचे वाद रोज होतात.

अण्णांचा फोन अजून येतो, पण माझ्याकडं नाही. थेट तिला. परवा स्पीकरवर ऐकत होते.

"काय गं, कळायला लागलं का काही तुला? कधी येतोय?"

"अण्णा, नक्की कधी ते कुनीच सांगू शकत न्हाई. पन किती धोका हाय ते सांगता येतं."

पलीकडं जरा शांतता. मला वाटलं, अण्णा आता हसतील किंवा चिडतील.

"मग तेच सांग," अण्णा म्हणाले. "थांब, आधी पेन घेतो."